काही करत नाही तो

सहा आठवडे न्हाणीघरातल्या टाइल्स
सातव्या ओळीवर थांबल्या होत्या.
आठवीतली एकच बसलेली, नळाच्या वर,
आणि तिच्या शेजारी पेन्सिलची रेघ,
जिथे पुढची यायची होती.
रोज अंघोळीला मी त्या रेघेसमोर उभी राहायचे.

मंगळवार होता, ॲक्रिंग्टनमध्ये असतो तसा,
समोरच्या छपरांच्या स्लेट ओल्या, काळ्या.
क्रेग ऑर्मरॉड चहाला खाली येत होता
आणि जायफळ जिन्याच्या पायथ्याशी.
"चालेल ना?" त्याने विचारलं,
एक पाय पायरीवर, एक अधांतरी.
मी किटली भरत, मागे न बघता म्हणाले,
"काही करत नाही हो तो."

सहा वर्षं वापरलं हे वाक्य.
पोस्टमनला, मैत्रिणींना,
बागेत घाबरलेल्या पोरांच्या आयांना.
पायपुसण्यासारखं दारात टाकलेलं.

भुंकणारा चावत नाही, म्हणतात आपल्याकडे.
जायफळ भुंकला नाही.

आवाज आला तो मोजपट्टीचा,
फरशीवर पडलेल्या.
मग उजवा तळहात, अंगठ्याखालचा मांसल भाग,
आणि त्याचं ते चमत्कारिक, इंग्रजी "सॉरी",
जणू त्यानेच कुणाला चावा घेतला होता.

ब्लॅकबर्नच्या दवाखान्यात नर्सने विचारलं,
कुत्रा कुणाचा?

दुसरीत असताना मला चावला होता, कराडला.
तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
नगरपालिकेच्या दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं,
आणि दर इंजेक्शनाला एक लिमलेटची गोळी.
तिथे चावणारा कुत्रा कुणाचाच नसायचा.
गल्लीचा असायचा, म्हणजे देवाचा,
म्हणजे आपल्या नशिबाचा.
इथल्या कुत्र्याच्या मानेत तांदळाएवढी चिप असते
आणि चिपच्या मागे माझं नाव, माझा पत्ता.

"माझा," मी म्हणाले.
फोटो दाखवताना म्हणते तोच शब्द.

क्रेग म्हणाला, चूक माझीच, मीच एकदम वाकलो.
किती सोपं होतं ते घेऊन टाकणं.
दिलदार माणूस, हातात टाके,
आणि वर मलाच सूट देतोय.
अर्धी मान हलवलीही मी.

मग नोव्हेंबर आठवला.
सोफ्याखालचा मोजा काढताना विद्याधरचा अंगठा.
आम्ही हळद दाबली, पट्टी गुंडाळली,
आणि कुणाला सांगायचं नाही
हे एकमेकांना न सांगताच ठरलं.
पाहुण्यांनी विचारलं तर म्हणालो, विळी लागली.
या घरात विळीच नाही.

"याआधीही चावलाय," मी नर्सला म्हणाले.
तिने लिहून घेतलं.
क्रेगने माझ्याकडे पाहिलं तेव्हा
चेहऱ्यावरचं सॉरी गेलं होतं.

आठवड्याचे सहाशे वीस पाउंड, गुणिले सहा.
काही विमा देईल, उरलेले आम्ही.
विद्याधर म्हणाला, दुसरा कुणी बोलवू,
किती दिवस असं अर्धवट?
मी नाही म्हणाले.
का, ते धड सांगता आलं नाही.

जायफळला मुसकं शिकवतेय,
आत चीजचा तुकडा ठेवून.
शेपूट हलवत तोंड घालतो.
त्याला तो मंगळवार आठवत नाही.
ते काम माझ्याकडे.

आज क्रेग आला.
तळहातावर गुलाबी वळ.
दारातच थांबला. "कुठाय?"
जुनं वाक्य जिभेवर आलंच, सवयीने.
गिळलं.
"मागच्या खोलीत. कडी लावलीय.
चावतो तो."

त्याने मान हलवली,
आणि तरी स्वतः जाऊन कडी ओढून पाहिली,
दोनदा.
किटली तशीच राहू दिली मी.
त्याचं बघून होईपर्यंत
मागे उभी राहिले.